घरच्या यादीतली आत्या

१२ मे

चिंगे,

फोन करू नकोस म्हणाले ते रागानं नाही. डाव्या कानानं साफ राजीनामा दिलाय आणि उजवा वरचेवर रजेवर असतो. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडते, आणि आपल्या घरातलं सगळं वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला तोंडपाठ होतं. त्यापेक्षा कागद बरा.

गुडघा बरा आहे. नवा सांधा बसवून आठ आठवडे झाले. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या खोलीत जाते. तिथं दहा खाटा, भिंतीला लाकडी शिड्या, आणि पाय उशांवर चढवून पडलेले आम्ही सगळे मोडके. आमची फिजिओबाई तुझ्याच वयाची आहे. बोलणं मऊ आणि हात लोखंडाचे.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनच्या वेळी तू आलीस तेव्हा जाताना माझ्या फोनमध्ये तुझी 'पाखरवाडी' घालून दिलीस. मी तोंड वाकडं केलं होतं. चौतीस वर्षं वजनमापांची तपासणी केलेल्या बाईला 'फुकट' हा शब्द ऐकला की आधी काट्याखाली हात घालून बघावंसं वाटतं. पण पडून पडून कंटाळले आणि उघडला तुझा खेळ. अंगणात पाणी ठेवायचं, दाणे टाकायचे, पाखरं येतात. तासाला एक अंडं फुकट मिळतं. ज्याला दम धरवत नाही त्यानं पैसे मोजून हवी तेवढी घ्यावीत. बहुतेक अंड्यांतून चिमणी नाहीतर साळुंकी निघते, क्वचित खंड्या. आणि अंड्यावरच ठळक अक्षरांत लिहिलेलं: खंड्या, शंभरात तीन.

ते वाचलं आणि माझे हात शिवशिवले. वही घेतली, तांबड्या शाईनं समास आखला, आणि रोज दहा याप्रमाणे चाळीस दिवस अंडी फोडली. चारशे अंड्यांत खंड्या बारा वेळा यायला हवा होता. तेरा वेळा आला. अगं, आयुष्यभर मी दुकानदारांची पारडी उलटी करून त्यांच्या खाली चिकटवलेलं मेण खरवडलं. पाटीवर लिहिलंय त्यापेक्षा चिमूटभर जास्त देणारं दुकान मला फार थोडं भेटलं, आणि त्यातलं एक माझ्या भाचीचं निघावं याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. शिवाय खंड्या मिळाला म्हणून कुणी जिंकत नाही, नाही मिळाला म्हणून कुणाचं अडत नाही. नुसतं बघून खूश व्हायचं. हे तू केलंस याचं मला कौतुक वाटतं.

आणखी एक. इथली ग्राहक समिती सध्या अशा फुकट खेळांविरुद्धच्या तक्रारी ऐकतेय. समितीची चिटणीस पूर्वी माझ्या हाताखाली होती. तिनं विचारलं, बाई, तुम्ही काही तपासून द्याल का. मी पाखरवाडीबद्दल सहीचा अहवाल देणार आहे. सुनावणी वीस जुलैला. नात्यातल्या माणसाच्या दुकानात तपासणीला जायचं नाही, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवायची, ते माझ्या लक्षात आहे. पण मी आता निवृत्त आहे, आणि मी कुणाची आत्या हे चारशे अंड्यांना काय ठाऊक. माझ्या सहीचा एकही अहवाल आजवर कुणाला खोडून काढता आलेला नाही. हाही येणार नाही.

आत्या


२४ मे

आत्या,

तुझं पत्र मी आधी टेबलापाशी वाचलं, मग लिफ्टमध्ये, मग परत टेबलापाशी. समोर दोन पडदे असतात माझ्या. एकावर दुकानाचा आराखडा, दुसऱ्यावर कोण खेळाडू कधी आला आणि कधी निघून गेला याची रेघ. दोन्ही बंद करून बसले.

अंड्यावर आकडा छापण्यासाठी मी वर्षभर भांडले हे तुला कधी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणे पानाच्या तळाशी लिहू, कुणी म्हणे नियमांच्या पाचव्या पानावर टाकू, वाचतंय कोण. मी सांगितलं, माझी आत्या बाजारात जायची तेव्हा काट्याची तबकडी गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायला लावायची. दुकानदार कुरकुरत पण वळवत. आपणही वळवू. साहेब हसले आणि हो म्हणाले. तेव्हा ते शंभरात तीन जे तुला आवडले, ते तुझेच आहेत.

अशा खेळांना लोक सरसकट लूट म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. शंभरातले पंचाण्णव जण आम्हाला काहीच देत नाहीत आणि तरी पूर्ण खेळ खेळतात. उरलेले पाच हौसेनं घेतात, त्यावर सगळ्यांचं अंगण चालतं. दारात तिकीट लावलं असतं तर कितीतरी जणांना आत येताच आलं नसतं. घेणाऱ्याला काय घेतोय ते स्वच्छ दिसत असेल तर यात गैर काही नाही, असं मी मानत आले.

समितीचं मात्र राहू दे ना. गुडघा अजून कच्चा, तिथं जिने असतील, तासन्‌तास बसवून ठेवतील. आणि नात्याचं तू म्हणालीस ते मलाही जरा खटकतं. तुला माझं कौतुक वाटलं एवढं मला पुष्कळ झालं. व्यायाम चुकवू नकोस.

चिंगी


५ जून

चिंगे,

समितीचं कार्यालय तळमजल्यावर आहे. तेव्हा जिन्यांचा बहाणा बाद. तू लहानपणीही बक्षीस घ्यायच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणायचीस. कुणी चांगलं म्हणू लागलं की तुझी पळापळ. हा स्वभाव आता सोड, चाळिशी जवळ आली.

तबकडीचं वाचून मी चष्मा पुसला एवढंच सांगते.

इथं एक गंमत झाली. माझ्यामुळे खोलीतले निम्मे मोडके तुझी पाखरवाडी खेळू लागलेत. फिजिओबाई तर आधीपासूनच खेळते आणि अंडी विकतही घेते. ती म्हणाली, आत्या, तुमचं आपलं काहीतरीच, माझी दोनशे अंडी झाली आणि खंड्या फक्त दोनदा. मी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं की मोजणं हे शिकावं लागतं, पाच मिनिटांत एकाची मान आणि दुसऱ्याचा घोटा बघणाऱ्या माणसाचं अंड्यांकडे लक्ष नसणार. आणि शिवाय नशीब म्हणून काही असतं. तिनं माझा पाय रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त वाकवला.

अहवालाचा मसुदा सोबत पाठवतेय. शेवटचं वाक्य तेवढं वाच: "हा खेळ मी स्वतः जागेवर तपासला असून, पाटीवर लिहिलेलं माप प्रत्येक ग्राहकाला पुरेपूर मिळतं अशी माझी खात्री आहे." 'प्रत्येक' या शब्दावर मी बराच विचार केला. मग ठेवला. तू केलेल्या वस्तूबद्दल हात राखून लिहिणं मला पटेना.

आत्या


१६ जून

आत्या,

त्या मसुद्यावर सही करू नकोस. फिजिओबाईचं मोजणं बरोबर आहे.

जे आहे ते सरळ लिहिते. फेब्रुवारीपासून आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे. जो खेळाडू रोज न चुकता येतो त्याच्या अंड्यांत खंड्या शंभरात एकदा निघतो. त्याला वाट बघायला लावली की कधीतरी तो अंडी विकत घेतो. जो कंटाळून तीन-चार दिवस फिरकत नाही, तो परत आला की त्याला पटापट दोन-तीन खंड्या देतात, म्हणजे तो टिकतो. जाणाऱ्याला भरभरून, राहणाऱ्याला हात आखडून. सगळ्यांची मिळून बेरीज केली की शंभरात तीन भरतात, म्हणून पाटी खोटी नाही, असं आमचे वकील म्हणतात. बैठकीत मी म्हटलं, सरासरी काही कुणाच्या पिशवीत पडत नाही. साहेब म्हणाले, दोन महिने बघू. मग मी गप्प बसले. पाटीच्या मागे हे असं चालू असताना मी रोज ऑफिसात गेले, डबा खाल्ला, घरी आले.

या प्रयोगातून काही खाती वगळलेली असतात. आमची कामाची, साहेबांच्या घरच्यांची, तपासायला ठेवलेली. त्याला आम्ही घरची यादी म्हणतो. त्यांना छापील माप मिळतं. तुझं खातं त्या यादीत आहे.

चुकून नाही. मी घातलं. ऑपरेशननंतर तू भुलीत होतीस, मी शेजारच्या खुर्चीवर तुझा फोन घेऊन बसले होते. तू बरी झालीस की वही काढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तू मोजावंस आणि मला शाबास म्हणावंस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते वाचताना तोंड लपवायला जागा नव्हती.

हे पत्र समितीला दे. माझं नाव घाल. नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे. तुझी सही खोटी पडली तर मला ते सहन होणार नाही.

चिंगी


२४ जून

चिंगे,

पत्र पोचलं.

आधी माझी चूक. तपासणीचा पहिला धडा असा की दुकानात अनोळखी गिऱ्हाईक म्हणून जायचं, सामान घ्यायचं, आणि मग ओळख सांगून ते तोलायचं. दुकानदारानं स्वतःहून पुढे केलेली पुडी कधी तोलायची नाही. मी शेकडो लोकांना हे शिकवलं आणि म्हातारपणी तुझ्या हातची पुडी घेऊन नाचत सुटले. शिवाय समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार उडवून लावली. आज व्यायामाच्या खोलीत सगळ्यांसमोर फिजिओबाईची माफी मागितली. तिनं माझा पाय हळू वाकवला.

आता तुझी. तू मला फसवलंस. आणि तुला कुणी विचारलेलं नसताना तूच मला ते सांगितलंस. ही दोन्ही कामं एकाच मुलीची आहेत आणि त्यांचा मेळ घालायला मला वेळ लागेल.

तुझं पत्र समितीला देणार नाही. ते कपाटात कुलपात आहे. मला त्याची गरजही नाही. फिजिओबाईची तक्रार तुझ्या पत्राच्या आधी माझ्याकडे आली होती, आणि चौकशी सुरू करायला एका ग्राहकाची तक्रार पुरते. खोलीतले अकरा जण तयार झालेत. त्यातले चार अंडी विकत घेतात, सात जण फुकटवाले. जे आधीपासून घेतात तेच घेतील, नव्यानं कुणालाही मी पैसे घालू देणार नाही. प्रत्येकाला वही दिलीय. अंडं फुटलं की शेजारच्या खाटेवरच्यानं बघायचं आणि सही करायची. एक निवृत्त पोस्टमन आहेत, त्यांनी तर शाईचा शिक्काच आणलाय.

वीस जुलैपर्यंत मला पत्र लिहू नकोस. तपासणी चालू असताना दुकानदाराशी पत्रव्यवहार करत नाहीत. हे रागानं लिहितेय की नियमानं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आत्या


२८ ऑगस्ट

आत्या,

तू वीस जुलैपर्यंत म्हणाली होतीस. मी त्यावर महिनाभर जास्त थांबले, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता लिहायला काहीतरी आहे.

समितीचा अहवाल मागच्या सोमवारी ऑफिसात आला. साहेब, वकील, आम्ही आठ जण, मधे लांब टेबल आणि त्यावर त्या बावीस पानांच्या प्रती. पहिलं पान उलटलं आणि तांबडा समास दिसला. माझी प्रत मी छातीशी धरली. अकरा माणसं, चोवीस दिवस, दोन हजार सहाशे अंडी. ओळीनं तारीख, वेळ, पाखरू, बघणाऱ्याची सही आणि पोस्टाचा शिक्का. इतकं देखणं काम मी आमच्या इतक्या महागड्या यंत्रांकडून झालेलं पाहिलेलं नाही. आमच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी पानं उलटताना म्हणाली, हे ज्यानं केलंय त्याच्याकडे मला शिकायला जायचंय.

वकील म्हणाले, हे दुखऱ्या गुडघ्यांच्या लोकांनी केलेलं आहे, कोर्टात टिकणार नाही. मग त्यांनी सोळावं पान वाचलं. फिजिओबाईंनी वैतागून चार दिवस खेळ बंद ठेवला होता आणि परत आल्यावर पहिल्या दहा अंड्यांत तीन खंड्या. तिथं तुझं एकच वाक्य आहे, की नशीब माणसाच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवत नाही, दुकानदार ठेवतो. वकिलांनी चष्मा काढून ठेवला.

साहेबांनी विचारलं, ही मोजणी चुकीची आहे असं कुणी सांगू शकेल का. मला काही बोलायची गरज नव्हती. माझं नाव कुठंच नव्हतं, तू ते येऊ दिलं नव्हतंस. पण फेब्रुवारीत मी एकदा गप्प बसले होते. मी उठले आणि म्हणाले, "मोजणी बरोबर आहे. आपल्या नोंदींवरून मी ती आत्ता ताडून दाखवते. आणि हे मी तेव्हाच लेखी द्यायला हवं होतं."

ताडून दाखवली. दोन अंड्यांचा फरक निघाला, तो आमच्या बाजूचा होता. बुधवारी प्रयोग बंद झाला. आता रोज येणारा आणि कधीमधी येणारा, दोघांना एकच माप. घरची यादीही काढून टाकली, तेव्हा तूही आता गिऱ्हाईक. माझ्याकडून दुकानाचं काम काढून घेतलंय आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलंय. साहेबांना ती शिक्षा वाटते. मी सकाळपासून लोकांची पत्रं वाचते आणि प्रत्येकाला खरं उत्तर देते, त्यामुळे माझं काही फारसं बिघडलेलं नाही.

एकच गोष्ट मनातून जात नाही. अहवालाखाली तुझी सही नाही. फिजिओबाईंची आहे. त्यातला शब्द न्‌ शब्द तुझा आहे हे मी डोळे मिटून सांगेन. त्या बावीस पानांवर तुझं नाव असायला हवं होतं, आणि माझ्यामुळेच ते तिथं नाही. तुझी ती इतकी जपलेली सही मीच घालवली असं वाटत राहतं.

चिंगी


५ सप्टेंबर

चिंगे,

तक्रारींच्या टेबलाला शिक्षा म्हणणारा माणूस कधी बाजारात गेलेला नाही. खरी तपासणी तिथूनच सुरू होते. मन लावून कर.

पोस्टमनना मी सांगितलं की त्यांच्या शिक्क्याचं मोठ्या ऑफिसात कौतुक झालं. कुठल्या ऑफिसात ते सांगितलं नाही. दिवसभर खोलीत त्यांचा तोरा बघण्यासारखा होता. फिजिओबाईंना तुझ्या त्या हुशार मुलीचं वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पाठवून द्या, आधी पाठ सरळ ठेवून बसायला शिकवते.

तू उठून बोललीस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला त्यातून बाहेर ठेवायचं म्हणून मी बावीस पानं इतकी जपून लिहिली, आणि तू आपल्या पायानं चालत आत आलीस. मेळ घालायला वेळ लागेल असं मी लिहिलं होतं ना, तो आता बसला. मी निरीक्षक होते तेव्हा माझ्या पाठीशी खातं होतं, शिक्का होता, कायदा होता. तुझ्या पाठीशी कुणी नव्हतं. मी तुझ्या जागी असते तर उठले असते की नाही, मला सांगता येत नाही.

आता सहीचं. तू काही घालवलेली नाहीस, तेव्हा ते मनातून काढ. झालं ते असं. वीस तारखेला फिजिओबाईंना बरोबर घेऊन समितीच्या टेबलावर अहवाल ठेवला, पेनचं टोपण काढलं, आणि चिटणीसबाईनं शेवटचा छापील कागद पुढे सरकवला. सही करणाऱ्यानं तो आधी भरायचा असतो. त्यात एक प्रश्न आहे: तपासलेल्या व्यवसायात काम करणारं आपलं जवळचं कुणी आहे का? समोर दोन चौकटी, होय आणि नाही. 'होय' म्हटलं की सही चालत नाही. चिटणीस माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. तिला तू ठाऊक आहेस. माझ्याकडेच राहून शिकलीस, तेव्हा तुझ्या वह्यांना तिनंच कव्हरं घालून दिलेली. ती काही बोलली नसती, आणि दुसऱ्या कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही, आणि त्याच्या खाली माझं नाव यावं असं मला फार वाटत होतं, ते कशाला लपवू. 'नाही'च्या चौकटीत बरोबरची खूण करायची, एवढंच काम होतं. पण त्या चौकटीवर लिहिलेलं होतं की तू माझी कुणी नाहीस.

मी पेन फिजिओबाईंना दिलं.

आत्या